कनाबचे कुत्र्यांचे गाव

लास वेगास हे शहर जगात जुगारासाठी प्रसिद्ध आहे. माझ्यासाठी ते माझ्या भाच्याचे गाव. तिथल्या एका मोठ्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात तो कामाला आहे. दिवसभर उभ्याने कांदे चिरायचे, मासे साफ करायचे. चार वर्षे डॉलर साठवून त्याने मला तिकीट पाठवले आणि मावशीला काय काय दाखवायचे याची मोठी यादी करून ठेवली. पण त्याची मुलगी, म्हणजे माझी नात, वय वर्षे चौदा, तिने ती यादी बाजूला सारली. म्हणाली, "आजी, तुला मी कुत्र्यांचं गाव दाखवणार."

मी म्हटले, "अगं, कुत्री बघायला मी सात समुद्र ओलांडून आले का? आमच्या परळला काय कमी आहेत?"

पोरीला घरात कुत्रा पाळायचा आहे आणि घरमालक परवानगी देत नाही. म्हणून हा सगळा खटाटोप, हे मला नंतर कळले. मला कुत्र्यांची भीती आहे असे मी सगळ्यांना सांगत आले आहे. ते पूर्ण खरे नाही. खरे काय ते पुढे सांगते.

लास वेगासहून कनाब साधारण सव्वातीनशे किलोमीटर. पहाटे निघालो. शहराचे दिवे मागे पडले आणि नुसते वाळवंट सुरू झाले. एकाच सकाळी आम्ही तीन राज्ये पाहिली: नेवाडातून निघालो, ॲरिझोनाचा एक कोपरा कापला, यूटामध्ये शिरलो, पुन्हा ॲरिझोनात उतरलो आणि शेवटी परत यूटात. यूटाचे घड्याळ नेवाडाच्या एक तास पुढे. भाच्याने हसत सांगितले, "मावशी, तुझा एक तास गेला." एवढा लांबचा विमानप्रवास केलेल्या बाईला एका तासाचे काय!

वाटेत पाइप स्प्रिंग नावाच्या ठिकाणी चहाला थांबलो. चहा म्हणजे आमचा घरून नेलेला थर्मास. तिथे एक दगडी गढी आहे. आत जाऊन पाहिले तर गढीच्या पोटातच झरा. १८७० च्या सुमारास मॉर्मन पंथाच्या गुरेवाल्यांनी ती बांधली, आणि मुद्दाम झऱ्याच्या तोंडावर बांधली. त्या कोरड्या मुलखात पायूट लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यावर जगत होते. पाणी भिंतीच्या आत गेले आणि लोक भिंतीच्या बाहेर राहिले. आज ती जागा सरकारी स्मारक आहे आणि तिच्या चारी बाजूंना कायबाब पायूटांची राखीव जमीन आहे. मी त्या झऱ्याच्या पाण्याचा आवाज बराच वेळ ऐकत उभी राहिले. भाचा काही बोलला नाही. महाडचा आहे तो. त्याला काय सांगायचे? चवदार तळ्यावर कुत्र्यामांजरांना मज्जाव नव्हता, आपल्याला होता, हे आपल्या घरातले शेंबडे पोरही जाणते. कुत्र्यांसाठी बांधलेले गाव पाहायला मी त्या दिवशी निघाले होते ते हा काटा मनात घेऊनच.

कनाब हे पाचेक हजार वस्तीचे लहान गाव. भोवती लाल दगडाचे उंच कडे. जुने घोड्यांचे, बंदुकांचे अमेरिकन सिनेमे इथे खूप चित्रित झाले, त्याच्या पाट्या गावभर लावलेल्या आहेत. गावातून उत्तरेला ८९ नंबरच्या रस्त्याने आठेक किलोमीटर गेले की उजवीकडे एक दरी उघडते. तिचे नाव एंजल कॅन्यन. तिथे 'बेस्ट फ्रेंड्स' या संस्थेचे आवार आहे. संस्थेच्या मालकीची जमीनच ३७०० एकरांच्या आसपास, शिवाय भाडेपट्ट्याची वेगळी. एका वेळी सुमारे १६०० जनावरे तिथे असतात. कुत्री, मांजरे, ससे, पोपट, घोडे, डुकरे. प्रत्येकाची वस्ती निराळी. हिंडून पाहायला पैसे पडत नाहीत, फक्त आधी नाव नोंदवावे लागते. मला हे आवडले. नाहीतर त्या देशात गाडी उभी करायचेही पैसे!

या जागेचा जन्म १९८४ चा. काही मित्रमंडळींनी मिळून ही ओसाड दरी घेतली आणि कोणाला नको असलेली जनावरे आणून ठेवायला सुरुवात केली. वीज, पाणी, इमारती, सगळे हळूहळू झाले. सुरुवातीची कित्येक वर्षे हे लोक शहरांतल्या दुकानांबाहेर टेबल मांडून देणग्या गोळा करीत. आता संस्थेची वर्षाची मिळकत दहा कोटी डॉलरच्या वर आहे. तो आकडा ऐकून माझ्या पोटात जे झाले त्याबद्दलही पुढे बोलेन.

आधी अमेरिकेतल्या रिवाजाविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर या जागेचे महत्त्व कळणार नाही. आपल्या गावाकडे कोंडवाडा असतो. मोकाट गुरे धरून आणायची आणि मालकाने दंड भरून सोडवायची. अमेरिकेत तसाच कोंडवाडा कुत्र्यांमांजरांसाठी असे आणि आहे. फरक एवढाच, की तिथे ठरलेल्या दिवसांत मालक आला नाही, नवा मालक मिळाला नाही, की जनावर मारून टाकीत. १८७७ साली न्यूयॉर्कमध्ये पकडलेली कुत्री लोखंडी पिंजऱ्यात घालून नदीत बुडवीत. पुढे विषारी वायूच्या खोल्या आल्या, त्यानंतर इंजेक्शन आले. मारणे तेच, पद्धत सुधारली. मारणारे काही कसाई नव्हते, प्राण्यांवर माया करणाऱ्याच संस्था होत्या. रस्त्यावर उपाशी मरण्यापेक्षा हे मरण बरे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. ही दरी घेतली त्या काळात अशा मेलेल्या कुत्र्यामांजरांची संख्या संस्थेच्या हिशेबाने वर्षाला सुमारे १ कोटी ७० लाख होती. १ कोटी ७० लाख! आणि त्यातली बरीचशी धडधाकट, वयाने लहान. गुन्हा काय, तर पिंजरा कमी पडला.

याला विरोध करणाऱ्या निवाऱ्यांना तिथे 'नो-किल' म्हणतात. न मारणारा निवारा.

आम्ही प्रथम डॉगटाऊनमध्ये गेलो. कुत्र्यांचे गाव म्हणजे हेच. मला वाटले होते, एका रांगेत पिंजरे असतील आणि भुंकण्याने कान किटतील. तसे नव्हते. इमारती अष्टकोनी आहेत. मधल्या गाभ्यात माणसांची कामाची जागा आणि पाकळ्या फुटाव्यात तशी प्रत्येक बाजूने बाहेर मोकळी, कुंपण घातलेली अंगणे. एकेका अंगणात दोन-तीन-चार कुत्री, एकमेकांशी जमणारी. रांगेतल्या पिंजऱ्यात समोरासमोर कोंडलेले कुत्रे दिवसभर एकमेकांवर भुंकत राहते आणि महिन्याभरात खरोखरच पिसाटते, मग ते कोणी घरी नेत नाही, मग ते मारले जाते. आमच्याबरोबरच्या कामगार बाईने हे सांगितले. मला चाळीतले दहा बाय दहाचे खोपटे आणि त्यातली भांडणे आठवली. माणसाचेही दुसरे काय होते?

प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात रंगीत पट्टा. हिरवा पट्टा म्हणजे कोणीही जवळ जा. जांभळा म्हणजे फक्त मोठ्या माणसांनी. लाल म्हणजे फक्त तिथल्या कामगारांनी. लाल पट्ट्याचा कुत्रा कायम लाल राहतो असे नाही. महिनोन्‌महिने कोणीतरी रोज त्याच्याजवळ नुसते जाऊन बसते, बोलत नाही, हात लावत नाही. मग एक दिवस तो स्वतः उठून येतो. त्याचा पट्टा बदलतो. पट्टा बदलला की घर मिळायची शक्यता निर्माण होते. कारण या जागेचा हेतू जनावरांना जन्मभर सांभाळण्याचा नाही, तर घरी पाठवण्याचा आहे. ज्याला कोणीच नेत नाही तो मात्र इथे मरेपर्यंत राहू शकतो.

मांजरांच्या बाजूला मी जास्त रमले. मागचे पाय लुळे पडलेली, लघवी न आवरणारी, रक्ताचा सांसर्गिक आजार असलेली, अशी मांजरे स्वतंत्र घरांत ठेवलेली आहेत. मी तीस वर्षे रुग्णालयात आयाचे काम केले आहे. अंथरुणात घाण केलेल्या रोग्याला रोज स्वच्छ करायचे म्हणजे काय असते ते मला ठाऊक आहे. इथे एक पोरगा, हातात रबरी मोजे, एका लुळ्या मांजरीचे पोट हळूच दाबून तिला मोकळी करीत होता. न कंटाळता. मी त्याच्याकडे बघून हसले, तोही हसला. एकाच धंद्यातली माणसे एकमेकांना ओळखतात. आणखी एक गंमत पाहिली: लहान मुलांच्या ढकलगाडीत मांजर बसवून एक बाई तिला फिरवीत होती. पोपटांच्या घरातली गोष्ट निराळी. मोठे पोपट पन्नास-साठ वर्षे जगतात. हौसेने पाळणारा माणूस आधी मरतो, आणि पोपट त्याच्या आवाजात बोलत राहतो.

आता 'न मारणारा' या शब्दाचा नीट अर्थ. मला वाटले, एकही मारत नाहीत. तसे नाही. निवाऱ्यात आलेल्या शंभर जनावरांपैकी नव्वद तरी जिवंत बाहेर पडली, तर त्या निवाऱ्याला तिथे नो-किल म्हणतात. उरलेली दहा कोण? ज्यांचा आजार बरा होणारच नाही आणि वेदना थांबणार नाहीत, किंवा जी खरोखरच माणसाच्या जिवावर उठतील. जागा नाही, पैसे नाहीत, म्हातारा झाला, काळा आहे, ही कारणे चालत नाहीत. (काळे कुत्रे लोक पटकन नेत नाहीत असे तिथलेच लोक सांगतात. घ्या! इथेही रंग आलाच.)

या कल्पनेवर टीका करणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. एखादा निवारा निवडक जनावरे घेतो, भरला की दार लावतो आणि अभिमानाने सांगतो, आम्ही मारत नाही. मग दारातून परत गेलेले जनावर कुठे जाते? सरकारी कोंडवाड्यात, आणि तिथे मरते. एकाचे हात स्वच्छ राहावेत म्हणून दुसऱ्याचे घाण करायचे. हा प्रकार आपल्याला नवा नाही. म्हणून खरे काम दरीत होत नाही, गावोगावच्या त्या सरकारी कोंडवाड्यांत होते. सॅन फ्रान्सिस्को शहरात १९९४ साली प्राणीसंस्थेने आणि शहराच्या कोंडवाड्याने करार केला: धडधाकट कुत्रेमांजर शहराला ठेवता आले नाही, तर संस्था घेईल, पण मारायचे नाही. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराच्या नगरसभेने २०१० मध्ये ठराव केला आणि २०११ मध्ये तिथल्या कोंडवाड्याने नव्वदाचा आकडा गाठला. तिथे मांजराची डोळे न उघडलेली पिल्ले सर्वांत जास्त मरत. कारण त्यांना दर दोन-तीन तासांनी बाटलीने दूध पाजावे लागते आणि रात्री कोंडवाड्याला कुलूप असते. मग रात्रपाळीला लोक बसवले, काही पिल्ले गावकऱ्यांनी घरी नेऊन वाढवली. एवढीच युक्ती. नसबंदी स्वस्त करायची, तात्पुरती सांभाळणारी घरे शोधायची, जिथे कुत्री जास्त तिथून जिथे मागणी जास्त तिथे गाडीने पाठवायची, आणि कागदावर रोज हिशेब ठेवायचा.

या संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केले होते, की २०२५ पर्यंत सगळा देश नो-किल करू. ते साधले नाही. २०२४ सालीही चार लाखांच्या वर कुत्रीमांजरे मारली गेली. पण कुठे पावणेदोन कोटी आणि कुठे चार लाख. चाळीस वर्षांचे काम आहे.

इथल्या सर्वांत गाजलेल्या कुत्र्यांची हकीगत सांगायलाच हवी. मायकेल व्हिक नावाचा अमेरिकन फुटबॉलचा मोठा खेळाडू होता. २००७ साली त्याच्या व्हर्जिनियातल्या जागेवर कुत्र्यांच्या झुंजींचा अड्डा सापडला. हरलेल्या कुत्र्यांना हाल करून मारीत. पिट बुल जातीची पन्नासेक कुत्री जप्त झाली. खेळाडूला तुरुंग झाला. कुत्र्यांचे काय करायचे? आजवरचा रिवाज असा, की झुंजीच्या अड्ड्यावरची कुत्री सरसकट मारायची. त्यांचे रक्तच तसले, ती सुधारणार नाहीत. मोठमोठ्या प्राणीसंस्थांचाही तोच सल्ला होता. या वेळी मात्र कोर्टाने एकेका कुत्र्याची स्वतंत्र तपासणी करायला लावली. हिंस्र म्हणून मारावे लागले असे कुत्रे निघाले फक्त एक. बावीस कुत्री २००८ च्या जानेवारीत या दरीत आली. पुष्कळांना पुढे घरे मिळाली. लुकास नावाचा त्यातला झुंजीत जिंकणारा कुत्रा. त्याला बाहेर कोणाकडे द्यायचे नाही असा कोर्टाचाच हुकूम होता. तो २०१३ मध्ये इथेच मेला. माणसांच्या अंगावर लोळणारा होता म्हणतात. खेळाडूकडून कुत्र्यांच्या देखभालीसाठी नऊ लाख डॉलरच्या वर वसूल करण्यात आले.

हे ऐकून माझी नात म्हणाली, "आजी, त्यांना जन्मावरून जज केलं ना?" मी तिच्याकडे पाहतच राहिले. अमेरिकेत वाढलेली पोर. तिचा बाप मात्र दुसरीकडे तोंड करून डोळे पुसत होता.

आता पैशाचे. दहा कोटी डॉलर! आदल्याच आठवड्यात मी लास वेगासमध्ये पुलाखाली पुठ्ठे अंथरून झोपलेली माणसे पाहिली होती. गोरी, काळी, म्हातारी. दुपारी जेवायला बसलो तेव्हा मी हे भाच्याला बोलून दाखवले. तो म्हणाला, "मावशी, माणसावर खर्च होत नाही तो कुत्र्यावर होतो म्हणून होत नाही, असं नाही. तो बंदुकीवर होतो, जुगारावर होतो. मी रोज बघतो." उत्तर बरोबर असेल. माझा घास तरीही थोडा अडकलाच. भूतदया हा शब्द आपल्या लोकांनी फार वर्षे फार वाईट तोंडांतून ऐकला आहे.

आणि मुंबईने हे आधी केलेले आहे, हेही मी त्या पोरीला सांगितले. १८३२ साली इंग्रजांनी मुंबईची मोकाट कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले, मोठा दंगा झाला. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाईंनी अमीचंद शाह यांच्याबरोबर भुलेश्वरला पांजरपोळ काढला. मरणाऱ्या कुत्र्यांना जागा हवी, हे त्यामागचे एक कारण. अमेरिकेत प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध पहिली संस्था निघाली ती १८६६ साली, म्हणजे बत्तीस वर्षांनी. पण पांजरपोळ एका जागी राहिला आणि शहरात मारणे चालूच राहिले. माझ्या लहानपणी तर ते रोजचे होते.

साल १९६५ असावे. मी नऊ वर्षांची. आमच्या चाळीत लाल्या नावाचा कुत्रा होता. कोणाचाच नव्हता आणि सगळ्यांचा होता. माझी आई त्याला भाकरीचा तुकडा टाकी आणि रात्रपाळीहून येणाऱ्या गिरणीकामगारांना तो नाक्यापासून दारापर्यंत पोचवी. त्या पावसाळ्यात शेजारच्या चाळीतल्या एका मुलाला दुसरेच एक कुत्रे चावले. त्या काळी बेंबीभोवती चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. चौदा दिवस त्या पोराचे ओरडणे आम्ही ऐकले. पोर वाचले. आजही आहे, माझ्यासारखाच म्हातारा झाला आहे. पण लोक भेदरले आणि कुत्र्यांची गाडी आली. माणसे चिमटे घेऊन उतरली. चार-पाच कुत्री धरली. लाल्या दिसेना. त्यांच्यातला एकजण मला म्हणाला, "बेबी, तो तांबडा कुठे आहे गं?" मी जिन्याखाली बोट दाखवले.

मला कोणी मारले नाही, कोणी धाक घातला नाही. विचारले म्हणून सांगितले. आईने संध्याकाळी भाकरी घेऊन "लाल्या, लाल्या" अशा हाका मारल्या, तेव्हा मी आत जाऊन अंथरुणात तोंड खुपसले. गाडीतून गेलेले कुत्रे परत येत नसे. आईला मी कधीच सांगितले नाही. पुढे खूप वर्षांनी राजगृहावरचा १९३४ सालचा तो फोटो आमच्या घरात आला, ज्यात बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, घरची मंडळी आणि टॉबी कुत्रा आहे. आई म्हणाली, "बघ, सायबांच्या घरात पण होता. आपला लाल्या असाच बसायचा." त्याही दिवशी मी गप्पच राहिले.

म्हणून मी कुत्र्यांना भिते असे सांगते.

पण त्याच हाताने मी रुग्णालयात रेबीजचा रोगीही पाहिला आहे. दहा-अकरा वर्षांची मुलगी. पाण्याचा पेला समोर धरला की घसा आवळून येई. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ कधीच बरा होत नाही. ती तिसऱ्या दिवशी गेली. गल्लीतल्या कुत्र्याचा प्रश्न गाडीत बसून जाणाऱ्याचा नसतो. पहाटे पाण्याला, रात्री संडासला, शाळेला पायी जाणाऱ्याचा असतो. कुत्र्यावर माया करा असे मला कोणी नुसते सांगितले, तर मी आधी विचारीन, लस कुठे मिळते आणि दवाखाना किती वाजता उघडतो?

मुंबईत १९९४ पासून मारणे थांबले आणि नसबंदी सुरू झाली. २००१ मध्ये साऱ्या देशासाठी नियम आले, २०२३ मध्ये ते नव्याने झाले: कुत्रा धरायचा, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, कानाला खाच पाडायची आणि जिथून उचलला तिथेच सोडायचा. जागा रिकामी केली तर बाजूची कुत्री येतात, लस नसलेली. हे त्यामागचे गणित. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी कुत्री निवाऱ्यांत नेऊन ठेवायला सांगितले, अकरा दिवसांत तो हुकूम बदलून पिसाळलेली आणि हिंसक सोडून बाकीची परत सोडा असे सांगितले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री मात्र हलवून निवाऱ्यातच ठेवा, असे ठरले. कनाबच्या अष्टकोनी अंगणात उभी राहून मी हाच हिशेब करीत होते. इथे १६०० जनावरांना ३७०० एकर, शेकडो कामगार, हजारो स्वयंसेवक आणि पलीकडे त्यांना घरी न्यायला तयार असलेला अख्खा देश. आपल्याकडे कुत्र्याला नेणारे घर नाही. त्याचे घर म्हणजे गल्लीच. लाल्या काही बेघर नव्हता. नुसता कोंडून ठेवला, खायला घालायला माणूस नाही, धुवायला पाणी नाही, तर त्या निवाऱ्याला निवारा म्हणायचे की जुन्या गाडीचा लांबचा थांबा?

संध्याकाळी पोरीने खरा बेत उघड केला. दिवसभर तिथे काम केलेल्या स्वयंसेवकांना एखादे कुत्रे रात्रीपुरते मुक्कामाला नेता येते. बापलेकींनी दुपारभर झाडलोट केली होती, मीही पाण्याची भांडी घासली होती. आम्हाला एक काळी कुत्री मिळाली. वय नऊ, तोंड पांढरे झालेले, एक डोळा नाही, गळ्यात हिरवा पट्टा. टेक्सासकडच्या एका भरलेल्या कोंडवाड्यातून आलेली. तिचे इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसेना. मी तिला काळी म्हणू लागले आणि तिने ते मान्य केले.

कनाबच्या लॉजच्या खोलीत पोरीने तिच्यासाठी जमिनीवर रजई घातली. काळी रजईवर गेली नाही. खोलीभर वास घेत हिंडली, दाराशी बसली, पुन्हा उठली. अनोळखी जागेत म्हाताऱ्या माणसाला झोप लागत नाही तसे. मी पलंगावर बसून होते. भाचा आणि पोर झोपून गेली. मध्यरात्री कधीतरी ती माझ्या पलंगाजवळ आली आणि माझ्या खाली सोडलेल्या पायांवर हनुवटी ठेवून बसली. मी पाय काढून घेतले नाहीत. मराठीत तिच्याशी बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

सकाळी परत पोचवायच्या आधी दरीतल्या स्मशानात गेलो. तिथे मेलेल्या जनावरांच्या लहान लहान समाध्या आहेत, दगडी, नावे कोरलेल्या. वर तारांना शेकडो लहान-मोठी घुंगरे, घंटा टांगलेल्या. वारा आला की सगळी दरी किणकिणते. लोक समाधीवर एकेक गोटा ठेवून जातात. मीही एक तांबडा गोटा उचलला. कोणाच्या समाधीवर ठेवावा कळेना, म्हणून कुंपणाच्या खांबाखाली ठेवला.

काळीला परत देताना तिथल्या बाईने विचारले, रात्री कशी वागली? रडली का, घाण केली का, कोणाजवळ झोपली? हे सगळे लिहून ठेवतात. कोणी न्यायला आले की त्याला ते दाखवतात. पोरीने कागद घेतला आणि भराभर लिहिले. मी विचारले, काय लिहिलेस?

"लिहिलं, हिला म्हातारी बाई आवडते. मराठी समजतं."